प्रसादाने उपास मोडत नाही

ताई मागच्या वर्षी गेली. ती होती तोवर हे लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. तिला वाचनाचं वेड, आणि मी लिहिलेलं काहीही ती चष्मा पुसून पहिल्यांदा वाचायची. आता ही गोष्ट ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे. माझा स्वभाव मुळातला तिरसट, मनात ठेवून कुढत बसणं मला जमत नाही. तरी हे एवढं एक मी वर्षानुवर्षं ठेवलं. आता उतरवून ठेवते, म्हणजे मी सुटेन.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. आमचे पूर्वज दरबारचे कारकून म्हणून माळव्यात आले आणि इथलेच झाले. नाना जमाबंदीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या कचेरीत होते. नोकरीला लागले तेव्हा संस्थान होतं, मग मध्य भारत झालं, आणि मी सांगतेय त्या वर्षी तेही मोडून नवा मध्य प्रदेश होणार होता. नाना म्हणायचे, मी खुर्चीवरून उठलो नाही आणि दोन सरकारं माझ्या टेबलावरून गेली, आता तिसरं येतंय. घर भाड्याचं होतं, नदीवरच्या रामघाटाकडून वर येणाऱ्या गल्लीत. मागच्या दारी मोरीजवळ एक पपईचं झाड होतं. ते कुणी लावलं नव्हतं, आपलं आपणच उगवलं होतं, आणि बारा महिने फळांनी लगडलेलं असायचं.

आम्ही दोघी बहिणी. मी धाकटी, कॉलेजात विज्ञान शाखेत जाणारी, घरात 'आगाऊ' म्हणून मान्यता पावलेली. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि नानांचा जीव की प्राण. कचेरीतून आले की ते पहिल्यांदा तिला हाक मारायचे, चहा नंतर. तिच्याशी ते जे बोलत ते आईशीसुद्धा बोलत नसत. मला याचा हेवा वाटायचा, हे आता लपवण्यात अर्थ नाही. ताईचं लग्न नागपूरला झालं. भाऊजी तिथे सरकारी कचेरीत होते, कारण तेव्हा नागपूर त्या बाजूच्या जुन्या प्रांताची राजधानी होती. ती सासरी गेल्यावर नाना दारातून आत येताना सवयीने तिचीच हाक मारायला तोंड उघडायचे आणि मग उगाच खाकरायचे.

पुनर्रचनेच्या त्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ताई माहेरी आली. आल्या आल्या तिच्या लक्षात आलं की नाना पानात टाकतात. भाताचे दोन घास, वरण नुसतं चिवडायचं, आणि मग पोटावर हात ठेवून बसून राहायचं. आमच्या रोजच्या डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं. औषधाचं नाव काढलं की नाना उखडायचे. काढा, चूर्ण, गोळी, सगळ्यांशी त्यांचं हाडवैर. आई म्हणायची, यांना औषध देणं म्हणजे दगडावर पाणी ओतणं.

ताईच्या सासूबाईंकडे अपचनावर एक उपाय होता, कच्च्या पपईचा चीक बताशातून द्यायचा. ताईने तो करून पाहायचं ठरवलं, आणि नाना औषध घेत नाहीत म्हणून त्यावर तोडही तिनेच काढली. सकाळी उठून तिने झाडावरच्या हिरव्या पपईला चाकूच्या टोकाने चीर दिली, पांढऱ्या चिकाचे थेंब बताशात टिपून घेतले, आणि तो बताशा देवापुढे ठेवला. पूजा झाल्यावर नानांच्या हातावर प्रसाद म्हणून दिला. औषधाला नाही म्हणणारे नाना प्रसादाला कसे नाही म्हणणार? त्यांनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला. आठवड्याभरात त्यांना चार घास जास्त जाऊ लागले. ताईला कोण आनंद झाला. जाताना आईला तिने सगळं नीट दाखवलं आणि बजावलं, "आई, हे सोडू नकोस. मी नसले तरी रोज दे."

आईने ते सोडलं नाही. हळूहळू तिच्या मनातून त्यातला चीक निघून गेला आणि उरला फक्त प्रसाद. आधी देवाला, मग नानांना, हा तिच्या सकाळचा नेम होऊन बसला. पुढचं कळायला हे लक्षात ठेवायला हवं. आईने कुणापासून काही लपवलं नाही. जे आता औषध राहिलंच नव्हतं ते ती लपवणार कसं?

पावसाळ्यात नाना झपाट्याने उतरले. बताशाचा गुण संपला होता. अंगरखा खांद्यावर लोंबू लागला, आणि एकदा उलटीत काळपट काही पडलं. त्यांना इंदूरला नेलं. तिथे पांढरं खडूसारखं पाणी पाजून पोटाचे फोटो काढले. मोठ्या डॉक्टरांनी मला आणि मामाला बाजूला बोलावून सांगितलं की जठरात गाठ आहे, यकृतापर्यंत पोचली आहे, आता चिरफाड करून उपयोग नाही. नानांना कुणी त्या रोगाचं नाव सांगितलं नाही. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चला, म्हणजे नव्या राज्यात बदलीची दगदग वाचली." त्यांना सगळं समजलं होतं.

आता खरा प्रश्न पुढेच होता. ताईला सातवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. सासरची मंडळी पाठवायला तयार होती. पण बाळंतपणासाठी म्हणून मुलीला आणायची आणि तिच्या देखत घरात मरण व्हायचं, हे कुणाला चालणार? दुसरीकडे, आठव्यात प्रवास नाही. म्हणजे आणायचं तर आत्ताच, नाहीतर बाळ दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत थांबायचं. थांबलो तर एक मोठी सोय होती. नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि तिथल्या कचेऱ्या भोपाळला येणार हे ठरलं होतं, आणि भाऊजींचं नाव भोपाळला जाणाऱ्यांत होतं. भोपाळ म्हणजे आमच्या अंगणातच. नाना म्हणाले, बघा, सरकारला माझी दया आली, लेक जवळ आणून देतंय.

पण त्यासाठी नाना तोवर असायला हवे होते. घोडं तिथेच पेंड खात होतं.

आमचे डॉक्टर नानांचे मित्रच होते. पटणी बाजारात त्यांचा दवाखाना होता. रविवारी दुपारी दोघे पत्ते खेळत आणि एकमेकांना लबाड म्हणत. नानांनी एके संध्याकाळी त्यांना घरी बोलावून घेतलं. आई आणि मी तिथेच होतो. नाना नेहमी थट्टेत बोलणारे, पण त्या दिवशी सरळ बोलले.

"डॉक्टरसाहेब, मला पोरीला एकदा बघायचंय. पण ती अशा अवस्थेत असताना तिच्यासमोर मरायचं नाही. माझ्याजवळ किती वेळ आहे तेवढं खरं सांगा. वर्ष असेल तर तिला तिथेच राहू दे. महिना असेल तर उद्या तार करतो."

डॉक्टर म्हणाले की फोटोवरून रोग कळतो, वेळ कळत नाही. पण एक तपासणी मी करून बघतो. त्यांचं स्वतःचं एक मत होतं आणि ते त्यांच्या बऱ्याच वर्षांच्या अनुभवातून आलं होतं. निरोगी जठर एक पाचक द्रव्य तयार करतं, पेप्सीन. अंडं-डाळ-दुधातला सगळा सत्त्वांश तेच फोडतं. गाठ जठराला जसजशी खात जाते तसतसं हे द्रव्य आटत जातं. डॉक्टरांचा अनुभव असा की ज्याच्या पोटात ते अजून शिल्लक आहे तो माणूस बऱ्यापैकी टिकतो, आणि ज्याचं आटलं त्याने निरवानिरव करावी. हे पुस्तकात असं लिहिलेलं नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

तपासायची रीत मला फार आवडली होती. काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांत अंड्याचा पांढरा बलक भरायचा आणि उकळून घट्ट करायचा. रोग्याच्या पोटातला रस नळीने काढून बाटलीत घ्यायचा, त्यात त्या नळ्या टाकायच्या, आणि बाटली अंगाच्या उबेइतक्या उबेत दिवसभर ठेवायची. रसात पेप्सीन असेल तर बलक दोन्ही टोकांकडून विरत जातो. जितका जास्त विरला, तितका जोर जास्त.

"म्हणजे आता अंडं खायचं?" नानांनी विचारलं. आमच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे.

"खायचं नाही, नानासाहेब. तुमच्या पोटाने बाटलीत खायचं. तुमचा धर्म सुरक्षित."

नाना हसले. आजारपणात ते शेवटचं मोकळं हसले ते बहुधा तेव्हाच. डॉक्टरांनी निघताना आईला बजावलं, "वहिनी, सकाळी एकदम खाली पेट आणायचं. चहा नाही, दूध नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. नाहीतर सगळी मेहनत फुकट." आईने मान हलवली. उपासतापास पाळण्यात आईचा हात कोण धरणार होतं! निर्जळी म्हणजे काय हे तिला डॉक्टरांनी शिकवायची गरज नव्हती.

त्या दिवशी सकाळी तिने डोळ्यांत तेल घालून नानांवर पहारा ठेवला. त्यांनी चूळ भरली तर पाणी गिळू नका म्हणून समोर उभी राहिली. पूजा झाली. रोज ती त्यांना पळीभर तीर्थ द्यायची, त्या दिवशी दिलं नाही, कारण तीर्थ म्हणजे पाणी, आणि पाणी नको असं डॉक्टर म्हणाले होते. इतकी तिची काळजी. प्रसादाचा बताशा मात्र तिने त्यांच्या हातावर ठेवला. प्रसादाने उपास मोडत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. एकादशीला मोडत नाही, शिवरात्रीला मोडत नाही, मग डॉक्टरांच्या उपासाला कसा मोडेल? मी तिथेच वेणी घालत बसले होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नानांनी बताशा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लं-प्यायलं नाही ना? आई अगदी स्वच्छ मनाने म्हणाली की पाण्याचा थेंब नाही. मग नानांनी ती रबरी नळी गिळली. ते पाहवत नव्हतं. डोळ्यांतून पाणी, घशातून कोरडे उमाळे, आणि तरी ते हाताने खूण करत होते की चालू द्या. नंतर पातळ पेज पाजून थोड्या थोड्या वेळाने रस काढला. डॉक्टरांनी त्यात कसलासा थेंब टाकला. रंग लाल व्हायला हवा होता, तो पिवळाच राहिला. मी विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून त्यांनी मला हळूच सांगितलं की ॲसिड नाही, अजिबात नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. तरी अंड्याच्या नळ्या त्यांनी बाटलीत टाकल्या आणि ती बाटली दिव्याच्या उबेच्या लाकडी पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर सायकलवरून स्वतःच घरी आले. एरवी ते निरोप पाठवत. ओसरीवर पाय ठेवतानाच त्यांच्या तोंडावर हसू होतं. नळ्यांतला बलक छान विरला होता, त्यांनी स्वतः मोजला होता. म्हणाले, "नानासाहेब, ॲसिड गेलंय, पण पाचक रस अजून जिवंत आहे. पुरता जिवंत आहे. तुम्ही नातवंड मांडीवर घेणार. मी सांगतो ना."

आई देवघरात गेली आणि बाहेरच येईना. मी डोकावले तर ती पाटावर बसून रडत होती, आनंदाने. नानांनी त्याच संध्याकाळी ताईला पत्र लिहायला मला बसवलं. तू तिथेच राहा, सासूबाईंच्या हाताखाली बाळंत हो, मग भोपाळला ये आणि बाळाला घेऊन इकडे ये, मी कुठे जात नाही. ताईचं उत्तर लगेच आलं की तिला तरी यायचंच आहे. तिला आतून काही वाटत होतं. नानांनी त्यावर मला फार कडक पत्र लिहायला लावलं. त्यांनी तिच्यावर आयुष्यात एवढाच एकदा राग धरला, आणि तोही खोटा होता.

नाना दिवाळीपर्यंतसुद्धा टिकले नाहीत. नवरात्र गेलं आणि त्यांचं अन्न पूर्ण तुटलं. पोटात पाणी भरलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टर रोज यायचे, नाडी बघायचे आणि जायचे. ताईला आता आठवा संपून नववा लागत होता, तिला आणणं शक्य नव्हतं. भाऊजींचा भोपाळचा हुकूम आल्याचं पत्र आलं ते मी नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी डोळे उघडले. "भोपाळ म्हणजे जवळच," ते म्हणाले. नंतर दाराकडे तोंड करून पडले आणि तसेच पडून राहायचे. चादर बदलायला कूस वळवली तरी मान पुन्हा दाराकडे. आईला ते कळत होतं, मलाही कळत होतं. नवं राज्य व्हायला थोडेच दिवस उरले असताना ते गेले. कचेरीतले लोक भोपाळचं सामान बांधता बांधता घाटावर आले. मी खूप चिडले होते. कुणावर ते मला माहीत नव्हतं.

दहाव्याचे विधी रामघाटावर झाले. त्यानंतर डॉक्टर घरी समाचाराला आले. ते आईसमोर बसले आणि म्हणाले, "वहिनी, माझा अंदाज चुकला. दोष माझा आहे. दुसऱ्या कुणाचा नाही." आई म्हणाली की असं बोलू नका, आयुष्याची दोरी वरच्याच्या हातात. ते हात धुवायला मागच्या दारी गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी पाहिलं तर ते पपईच्या झाडाकडे तोंड करून उभे होते, ओले हात तसेच. मला वाटलं रडत असतील, म्हणून मी परत फिरले.

ताई बाळाला घेऊन आली तेव्हा थंडी सरत आली होती. मुलगा झाला होता. आल्या गेल्या बायका म्हणायच्या की तुझे नाना परत आले गं. ताई एकदा फटकन म्हणाली, "नाना परत आले नाहीत. नाना गेले, आणि मला न भेटता गेले. त्या डॉक्टरने मला त्यांना भेटू दिलं नाही." तिचा सगळा राग डॉक्टरांवर एकवटला. चुकीचा निकाल त्यांनी दिला, त्यांच्याच शब्दावर नानांनी तिला अडवलं. यात खोटं काय होतं? पुढे दर खेपेला माहेरी आली की ती पटणी बाजार टाळून लांबच्या वाटेने जायची. एकदा ते समोरून आले आणि त्यांनी हात जोडले, तर हिने पदर सावरून तोंड फिरवलं. मी बरोबर होते. मला ते बरं वाटलं नाही, पण मी तरी काय म्हणणार? मलाही ते चुकले असंच वाटत होतं.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. एका वर्षी पचनाचा प्रयोग मांडला. तीन परीक्षानळ्या, तिन्हीत उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक. एकीत पेप्सीन आणि ॲसिड, एकीत नुसतं ॲसिड, एकीत नुसतं पेप्सीन. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ती तिसरी नळी उजेडात धरली. बलक जसाच्या तसा. मी नेहमीचं वाक्य फळ्यावर लिहिलं की ॲसिडशिवाय पेप्सीन काम करत नाही. लिहिलं आणि खडू हातात तसाच राहिला. नानांच्या रसात ॲसिड नव्हतं. रंग पिवळाच राहिलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मग त्या नळ्यांतलं अंडं विरलं कसं?

शाळा सुटल्यावर मी थेट डॉक्टरांकडे गेले. ते आता थकले होते, दवाखाना बंद केला होता. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. म्हटलं, डॉक्टरसाहेब, ॲसिड नसताना पेप्सीन चालतं का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"नाही चालत," ते म्हणाले. "मला तेव्हाही माहीत होतं. बलक विरलेला दिसला तेव्हा थांबून विचार करायला हवा होता. पण मला आशा हवी होती, बाळ. तो माझा दोस्त होता."

"मग काय होतं ते?"

त्यांनी सांगितलं की समाचाराला आले त्या दिवशी हात धुताना त्यांनी झाडावरच्या पपया पाहिल्या. प्रत्येक हिरव्या फळावर चाकूच्या चिरा, आणि खाली सुकलेल्या चिकाचे ओघळ. पपईच्या चिकातही अंडं-मांस विरवणारं द्रव्य असतं आणि त्याला ॲसिड लागत नाही. बोहरी लोक गोश्त गलवायला, मऊ करायला कच्ची पपई लावतात ती त्याचसाठी. ते म्हणाले, बाटलीत ते नानांचं जठर नव्हतं, तुमचं झाड होतं. मग त्यांनी हळूच विचारलं की त्या सकाळी नानांनी काय घेतलं होतं. मी बताशाचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"तरीच. आणि वहिनी म्हणाल्या थेंबसुद्धा नाही. खरंच बोलल्या त्या." मग ते म्हणाले, "वहिनींना सांगू नकोस. मरेपर्यंत सांगू नकोस. मी म्हटलंय ना दोष माझा, तो माझाच राहू दे. अर्धा तर आहेच."

मी म्हटलं, आईला नाही सांगणार. पण ताईला सांगायला हवं. ती तुम्हाला इतकी वर्षं शिव्याशाप देते, भर बाजारात तोंड फिरवते, ते मला बघवत नाही. तिला कळायला हवं की तुमच्याकडे आलेला रसच चुकीचा होता. डॉक्टरांनी विचारलं, "हा बताशाचा उपाय वहिनींना कुणी सांगितला?"

मी त्या क्षणापर्यंत त्याचा विचारच केला नव्हता. तोंडातून उत्तर निघालं तेव्हाच मला ते कळलं. "ताईनेच."

ते म्हणाले, "मग तर मुळीच नको." आणि मी उठले तेव्हा दाराशी येऊन एवढं सांगितलं की ॲसिड नसलेल्या पोटात त्या चिकाने नानांना खरोखरच चार घास जास्त गेले असतील. ते काही खोटं नव्हतं.

पुढे डॉक्टर गेले. आई गेली, शेवटपर्यंत रोज पूजा करून, नानांच्या फोटोपुढे बताशा ठेवून. डॉक्टर गेल्याची बातमी मी ताईला कळवली तेव्हा तिने उलट लिहिलं की देव त्याचं भलं करो, पण माझं वाईट त्याने केलं. मी पत्र घडी करून ठेवून दिलं.

शेवटची दोन वर्षं ताई माझ्याकडे गावाच्या नव्या वस्तीत, नानाखेड्याच्या घरी होती. भाऊजी नव्हते, मुलगा परदेशात, आणि दोघी म्हाताऱ्या एकत्र राहिलो तर बरं असं आमचं ठरलं. खूप भांडायचो. मीठ जास्त झालं, पंखा कमी कर, टीव्हीचा आवाज. एका सकाळी दारावर ठेलेवाला आला. त्याच्याकडे हिरव्या पपया होत्या, भाजीच्या. ताईने एक हातात घेतली, अंगठ्याने तिची साल दाबून पाहिली आणि तशीच धरून उभी राहिली.

आत आल्यावर ती खुर्चीत बसली. पपई मांडीवर होती. म्हणाली, "नानांना किती बरं वाटायचं नाही का गं त्या बताशाने? जेवायला लागले होते. माझ्या हातून तेवढं एकच झालं त्यांच्यासाठी. बाकी त्या डॉक्टरने माझी भेट घालवली."

मी चहाचं आधण ठेवत होते. पाठमोरीच होते, ते बरं झालं. मनात काय काय आलं ते सांगत नाही. डॉक्टरांचा ओल्या हातांनी उभा असलेला पाठमोरा आकार आला, आणि दाराकडे वळवलेली नानांची मान आली.

"हो ताई," मी म्हटलं. "चुकलाच तो डॉक्टर."

तिने मान हलवली आणि पपई चिरायला चाकू मागितला. मी दिला.